दोन सह्यांचा कागद

स्वतःलाच पत्र लिहायची सवय प्रभाकर पुराणिकला लागून साडेतीन वर्षं झाली होती. पण त्या सकाळी टेबलावर जे पत्र येऊन पडलं होतं ते त्याने लिहिलेलं नव्हतं, आणि तरीही ते त्याचंच, त्यालाच होतं. वेणुमती सिल्क मिल्सच्या वतीने प्रभाकर पुराणिक यांजकडून, वेणुमती प्रोसेसर्सचे प्रभाकर पुराणिक यांस. शेठच्या केबिनमध्ये इंग्रजीत टाईप झालेलं, आणि लोटू शिपायाने चहाच्या कपाखाली दाबून ठेवलेलं. उत्तरही सोबतच टाईप होऊन आलं होतं, त्याच टाचणीत. पत्रात म्हटलं होतं की ऑक्टोबर १९९८ अखेर आमच्या वह्यांप्रमाणे दोन्ही कंपन्यांत देणंघेणं शून्य आहे, खात्री करून कळवावे. उत्तरात कळवलं होतं की आमच्याही वह्यांप्रमाणे शून्यच आहे, आणि कामगारांच्या मागल्या नोकरीबद्दल आमचं तुमच्याकडे काही मागणं उरलेलं नाही. खाली दोन्हीकडे सहीपुरती जागा मोकळी होती. कपाचा ओला गोल कागदावर उमटला होता, तो प्रभाकरने रुमालाने टिपला. चहा गार झाला होता, तरी त्याने तो प्यायला. आताशा त्याला गार चहाचं काही वाटेनासं झालं होतं.

साडेतीन वर्षांपूर्वी मिल एकच होती. सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत रस्त्याकडेला यंत्रमागांची शेड, मागे रंगाई-छपाईचं डाइंग हाउस, मध्ये बॉयलर. मग पंच्याण्णवच्या एप्रिलमध्ये जयवदनशेठनी डाइंग हाउसची वेगळी कंपनी काढली. बँकेला तसं बरं दिसतं, असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं. कोर्टाचा शिक्का आला, पेढे वाटले गेले, आणि अंगणातून कमरेएवढी भिंत घातली गेली. जमीन, बॉयलर आणि नाव जुन्या कंपनीकडे राहिलं. रंगाच्या टाक्या, बँकेचं कर्ज आणि एकशेचौदा माणसं नव्या कंपनीच्या पदरात पडली. वाटणी करणाऱ्याने आंबा स्वतः खाल्ला आणि कोय धाकट्याला चोखायला दिली. पण इथे थोरला आणि धाकटा दोघांच्याही गळ्यातून घास एकाच पोटात जाणार होता, तेव्हा तक्रार करणार कोण? भिंतीवरून वाफेचा पाइप इकडे येई आणि महिन्याच्या पाच तारखेला त्या वाफेचं बिल येई. जमिनीच्या भाड्याचं बिल येई. ‘वेणुमती’ हे शेठच्या आईचं नाव वापरल्याचंसुद्धा बिल येई. उलट्या बाजूने जायची होती ती एकच रक्कम. ती एकशेचौदा माणसं जुन्या कंपनीत जितकी वर्षं राबली होती तितक्या वर्षांची त्यांची ग्रॅच्युइटी, अडतीस लाख चौसष्ट हजार तीनशे पन्नास, जुनीने नवीला सवडीने द्यायची असं ठरलं होतं. सवड काही झाली नाही. दर मार्चअखेर प्रभाकर जुन्या कंपनीच्या कागदावर लिही की एवढी रक्कम आम्ही आपणांस देणे आहोत. मग खुर्ची न बदलता नव्या कंपनीच्या कागदावर लिही की होय, एवढी आपणांकडून येणे आहे. दोन्ही पत्रं दोन फायलींत जात. पैसे होते तिथेच राहत, पण निदान कबुली तरी होती.

सह्यांची गंमत पहिल्याच वर्षी झाली. ऑडिटर म्हणाले, दोन्हीकडे एकच सही बरी दिसत नाही. वेगळा माणूस ठेवायचा म्हणजे वेगळा पगार. शेठ हसले आणि म्हणाले, “प्रभाकरभाई, एक सही मराठीमां करो, एक अंग्रेजीमां.” तेव्हापासून जुन्या कंपनीसाठी तो शाळेत वडिलांनी घोटवून घेतलेली बाळबोध सही करी, आणि नव्या कंपनीसाठी बँकेतली इंग्रजी, शेवटी झोकदार शेपूट असलेली. आधी आधी त्याला मौज वाटे. घरी मृणालला त्याने दोन्ही सह्या करून दाखवल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, बाबा, इंग्रजीतले तुम्ही श्रीमंत वाटता. पुढे पुढे मात्र इंग्रजी सही करताना त्याला आपण कुणाच्या तरी वतीने खोटं हसतो आहोत असं वाटू लागलं. आणि मराठी सही करताना वडील आठवत. शिरपूरच्या शाळेत ते गणित शिकवत आणि उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर अर्धे गुण देत. इथे उलट होतं. उत्तर बरोबर येत होतं, रीत कुणी विचारत नव्हतं.

काल संध्याकाळी शेठनी बोलावलं होतं. शेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्या, बाजूला लाभपंचमीला पुजलेल्या दोन लाल वह्या, एका ताटलीतल्या कुंकवाने दोन्हींवर काढलेले सारखे स्वस्तिक. धंद्याने तेही थकलेले दिसत होते. “आ वखते कागळ में बनावी राख्या छे,” ते म्हणाले. “तमारे तो सही ज करवानी. नवी कंपनी महिनाअखेर बंद. वाफेचं बिल अन् ग्रॅच्युइटी सामसामे, वात पूरी.” म्हणजे नवीने थकवलेली वाफेची बिलं ग्रॅच्युइटीत वळती करायची आणि कुणाचं कुणाला काही उरू द्यायचं नाही. प्रभाकर त्यांच्याशी इतकी वर्षं गुजरातीत बोलत आला होता की त्यात विचारायला त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. “ने माणसो?” त्याने विचारलं. शेठनी चष्मा काढून डोळे चोळले. “माणसो क्यां आपणा छे, प्रभाकरभाई? ए तो नवी कंपनीना.” “ने नवी कंपनीमां शुं छे?” “नवी कंपनीमां तो कंई नथी,” शेठ म्हणाले, अगदी सरळपणे, घरात साखर संपली आहे हे सांगावं तसे. मग त्याचा चेहरा पाहून त्यांनी हात वर केला. “तमे चिंता ना करो. तमे तो घरना माणस.” हे वाक्य प्रभाकरने एकवीस वर्षांत पुष्कळदा ऐकलं होतं. दर वेळी त्याला बरं वाटलं होतं. कालही वाटलं, आणि त्याची लाज त्याला जिना उतरताना वाटली.

आज सकाळी उधन्याच्या घरात अलकाने डबा भरता भरता विचारलं होतं, “तुमचे ग्रॅच्युइटीचे किती येतील हो?” तिला कंपन्यांची फोड कधी समजली नव्हती आणि त्याने कधी समजावलीही नव्हती. तिच्या भावाने नाशिकला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पन्नास हजार भरले की नाव लागणार होतं. अलकाला सुरत सोडायची होती. वीस वर्षं ती शेजारणींशी गुजरातीत बोलली, त्यांच्याबरोबर उंधियू करायला शिकली, पण म्हातारपण आपल्या भाषेत जावं असं तिला वाटत होतं आणि तसं ती उघड म्हणत होती. “चोपन्न हजार होतात,” तो म्हणाला होता. आकडा त्याला तोंडपाठ होता. “पण मिल बंद होते आहे ना तुमची?” “ती नवी. माझं वेगळं आहे.” डब्याचं झाकण बसत नव्हतं, ते तिने तळहाताने दाबलं. “मग बरं,” ती म्हणाली. बसमध्ये त्याच्या मनात आलं, की माझं वेगळं आहे असं मला कुणी सांगितलं? आठवून आठवून त्याला एकही कागद आठवेना. शेठचं ते एक वाक्य तेवढं आठवलं.

दुपारी बाराची शिटी झाली आणि सुकदेव आला. सुकदेव म्हणजे डाइंग हाउसमधला जुना जिगरवाला. रंगाच्या हौदावरून कापडाचा ताका मागेपुढे फिरवणाऱ्या यंत्राला जिगर म्हणतात, आणि त्या यंत्राशी त्याने चोवीस वर्षं काढली होती. डिंडोलीत राहायचा, नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगाची. या महिन्यात त्याला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. तो दारातच उभा राहिला, कारण त्याच्या पायांना पाणी होतं आणि फरशी पुसलेली होती. “मना कागद व्हयना का, भाऊसाहेब?” त्याने विचारलं. ग्रॅच्युइटीसाठी लेबर ऑफिसात लावायचा कागद त्याच्या वकिलाने मागितला होता. तीन आठवडे तो हेच विचारत होता, आणि तीन आठवडे प्रभाकर त्याला दिवाळीनंतर, लाभपंचमीनंतर, सोमवारनंतर असं पुढे ढकलत होता. “सुकदेवभाऊ, वकील नक्की काय म्हणाला?” खरं तर त्याला ते ठाऊक होतं. फक्त वेळ जावा म्हणून त्याने विचारलं. “तो म्हने, जुनी कंपनी सांगस हाऊ मानूस आमना नही. नवी सांगस मांगला वरीस आमना नहीत. दोन्हीसनी सही एकच कागदवर पाह्यजे.” सुकदेव थांबला आणि मग जरा हसला. “मी आठला का तठला, तेवढं लिखी द्या.”

प्रभाकरला चौऱ्याण्णवचा सप्टेंबर आठवला. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली त्या रात्रीतून निम्मं गाव स्टेशनावर लोटलं होतं. मिलमध्ये हौदांत सतराशे मीटर माल पडून होता, तो काढला नाही तर सडणार होता. प्रभाकर अलकाला आणि मृणालला घेऊन नंदुरबारकडच्या गाडीत घुसला होता, नाकाला कापराचा रुमाल बांधून, आणि शिरपूरला वडिलांच्या ओसरीवर आठवडाभर बसून राहिला होता. परत आला तेव्हा माल काढून, वाळवून, घडी घालून ठेवलेला होता. सुकदेव आणि आणखी अकरा जण मिलमध्येच राहिले होते. आतून फाटकाला कुलूप लावून जिगर चालवत होते आणि बॉयलरवर भात शिजवत होते. शेठनी त्यांना चांदीचं एकेक नाणं दिलं होतं. ते त्या बारा जणांच्या हजेरीपटावर कसं दाखवायचं ते कळेना, म्हणून प्रभाकरने ते ‘किरकोळ खर्च’ म्हणून लिहिलं होतं. सात महिन्यांनी भिंत झाली, आणि ज्या माणसाने मिल राखली तो भिंतीच्या पलीकडचा ठरला. चहाचं कँटीन जुन्या कंपनीकडे गेलं होतं; तिथे जायला सुकदेवला पास लागे. पास नवी कंपनी देई, आणि त्यावर सही प्रभाकरचीच असे, इंग्रजी.

सुकदेवने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. वकिलाने कोर्टातून काढलेली झेरॉक्स होती ती, वाटणीच्या वेळची एकशेचौदा जणांची यादी. अक्षर प्रभाकरचं होतं. बाकी सगळं टाईप झालं होतं, पण ही यादी शेठनी त्याच्याकडून मराठीत लिहून घेतली होती, माणसांना आपापलं नाव वाचता यावं म्हणून. सुकदेव पाय पुसून आत आला, कागद टेबलावर पसरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. नखावर हिरवा रंग होता. “हाई तुम्हनं नाव शे ना? सर्वास्ना खाले.” प्रभाकरने वाकून पाहिलं. एकशेचौदा, पुराणिक प्रभाकर विठ्ठल, लेखनिक, अठरा वर्षं, चोपन्न हजार. “तुम्ही बी आम्हनामाच शेतस,” सुकदेव म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. गावचं माणूस परक्या स्टेशनवर भेटावं तसा उलट त्याला आनंदच झाला होता. “आम्हले वाटे तुम्ही शेठकडला.”

ही यादी आपणच लिहिली होती. आपलं नाव आपणच लिहिलं होतं. चोपन्न हजार हा आकडा त्याने याच यादीसाठी काढला होता, म्हणून तर तो पाठ होता. आणि तरी इतकी वर्षं आकडा तेवढा त्याने जवळ ठेवला होता आणि यादी विसरून गेला होता. घोळक्यात उभं राहून माणसं मोजणाऱ्याने स्वतःलाच मोजायचं विसरावं, तसं झालं होतं. अजून वाईट गोष्ट पुढे होती आणि ती त्याला टाळता येईना. तीन आठवडे सुकदेवच्या एकतीस हजार पाचशेंबद्दल त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण छातीत हे असं धस्स झालं ते आत्ता, स्वतःचं नाव पाहून. दुसऱ्याचं घर जळतं तेव्हा माणूस हळहळतो आणि आपल्या छपराला धग लागली की धावतो. आपण काही निराळे नाही, एवढं त्याला नीट कळलं. त्या कळण्याने तो फार दमला. “संध्याकाळी पाचला या, सुकदेवभाऊ,” तो म्हणाला. सुकदेव गेला. फरशीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे राहिले आणि पंख्याखाली हळूहळू वाळले.

जेवण झालं नाही. डबा उघडून त्याने परत बंद केला. झाकण त्यालाही दाबावं लागलं. टेबलावर शून्याची दोन पत्रं होती. सही करायला मिनिटही लागलं नसतं. केली असती तर शेठ त्याला जुन्या कंपनीत ओढून घेतील, बहुतेक. घरचा माणूस म्हणून काहीतरी हातावर ठेवतील, बहुतेक. हा ‘बहुतेक’ त्याने किती वर्षं भरल्या पोटी खाल्ला होता. नाही केली, आणि सुकदेवला हवा तो कागद लिहिला तर? तर लेबर ऑफिसात दोन्ही कंपन्यांच्या सह्यांचा, शिक्क्यांचा एक कागद जाईल, की होय, ही रक्कम देणं आहे, या या माणसांची आहे. जुन्या कंपनीकडे जमीन होती, बॉयलर होता. तिला नाही म्हणता आलं नसतं. सही करायचा अधिकार ज्याला शेठनी स्वतः दिला होता आणि तीन वर्षं ज्याने हेच लिहिलं होतं, त्याच माणसाची सही. गंमत अशी की दोन सह्यांची ही युक्ती शेठचीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण कागद लिहायला घेताना त्याला शहाण्णवची दिवाळी आठवली आणि पेन थांबलं. दोन्ही कंपन्यांच्या बोनसचा मिळून एक तक्ता त्याने केला होता, तपासून सहीही केली होती, आणि त्याच तक्त्यात त्याचंही नाव होतं. ऑडिटरनी तक्ता फेकला नव्हता. शांतपणे परत सरकवला होता. “ज्याच्या फायद्याचा कागद त्याचीच सही असली, पुराणिक, की एक ओळ नाही, अख्खा कागद बाद होतो.” नवा तक्ता, नवी सही, शेठ मुंबईला गेलेले. सगळ्या माणसांचा बोनस आठ दिवस लांबला. दिवाळी होऊन गेली. डिंडोलीत त्या वर्षी फटाके उधारीवर आले आणि करंज्या बलिप्रतिपदेनंतर झाल्या, हे त्याला पुढे कळलं. कुणी त्याला बोललं नाही. सुकदेवने तर वाटीभर शेवही आणून दिली होती.

मग त्याने यादी नव्याने लिहायला घेतली. झेरॉक्स पुसट होती, पण त्याला तिची गरज नव्हती. फाईलमधली कार्बन प्रत होती. एक, सुकदेव. दोन, योगराज, ज्याचा हात कापडाला इस्त्री करणाऱ्या कॅलेंडर यंत्रात सापडला होता. सात, लखन. नावं लिहिताना त्याला तोंडं दिसत होती, आणि तोंडांपेक्षा हात जास्त. पगाराच्या दिवशी खिडकीतून येणारे निळे, किरमिजी, हळदी हात. तीस, एक्केचाळीस. बोटं आखडली, त्याने ती झटकली. भिंतीवरच्या पाइपातून वाफ सुसकारत होती. इंदुबाई, घडीखात्यातली, ब्याऐंशी. अक्षर बिघडू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, वडील वहीत डोकावत असावेत तसं. चार वाजता तो एकशे तेरावर आला. खाली एक ओळ मोकळी होती. तिच्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं. नाशिकच्या दोन खोल्या त्याने पाहिल्या नव्हत्या; अलकाने सांगितलं होतं की स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अलकाला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी ते आज पुरणार नव्हतं. त्याने त्या मोकळ्या ओळीवर पट्टी ठेवली आणि बेरजेची रेघ ओढली.

अडतीस लाख दहा हजार तीनशे पन्नास. त्याने दोनदा करून पाहिली. मग जुन्या कंपनीचा शिक्का मारून वडिलांची बाळबोध सही केली, आणि शेजारी नव्या कंपनीचा शिक्का मारून शेपटाची इंग्रजी. दोन्ही सह्या एका कागदावर, एकमेकींना लागून, पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या त्याला वाटत होत्या तितक्या निराळ्या नव्हत्या.

पाचला सुकदेव आला. या वेळी त्याने पाय दाराबाहेरच पुसले होते. कागद त्याने दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरला आणि सावकाश, ओठ हलवत वाचायला लागला. आपल्या नावापाशी थांबला. मग नजर खाली खाली नेत शेवटपर्यंत गेला, पान उलटून मागे पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. “भाऊसाहेब,” तो म्हणाला, “हाईमा तुम्हनं नाव कथं शे?”

प्रभाकर पेनाचं टोपण लावत होता. शून्याची दोन पत्रं त्याने सही न करता कपाखाली तशीच ठेवली होती, शेठकडे परत जायला.

“माझं वेगळं आहे, सुकदेवभाऊ,” तो म्हणाला.